फुटपाथवरची माणसं

हे सिनेमे मी पॉज करत करत बघतो. एक गाडी दुसरीच्या मागे लागलेली असते, टायर किंचाळत असतात, कोणीतरी खिडकीतून अर्धा बाहेर लटकून गोळ्या झाडत असतो आणि मी मात्र फ्रेमच्या कडेला बघत असतो. तिथे फुटपाथवर एखादी बाई उभी असते, हातात सामानाची पिशवी, आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघते. ती एक्स्ट्रा नाही हे लगेच कळतं, कारण एक्स्ट्रा लोकांना सांगितलेलं असतं की कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. ही तिच्या कामाला चाललेली, मधेच एक गाडी भरधाव गेली, तिच्या मागे दुसरी, तिच्यात कॅमेरा. दीड सेकंद असते ती पडद्यावर. साल 1975 किंवा 76, शहर रोम, नाहीतर मिलान, नाहीतर जेनोआ.

इटलीतल्या सत्तरच्या दशकातल्या पोलिसी मारधाडीच्या ह्या सिनेमांना पोलित्सियोत्तेस्की म्हणतात. हा शब्द आधी समीक्षकांनी हिणवायला वापरला, 'पोलीसछाप' म्हणतो ना आपण तसं काहीतरी, आणि मग प्रेम करणाऱ्यांनी तोच उचलून घेतला. मोठा बहर 1972 पासून पुढे सहासात वर्षं. पोस्टरवर शहराचं नाव आणि त्याला जोडून हिंसा: रोमा व्हियोलेंता, नापोली व्हियोलेंता, मिलानो त्रेमा, म्हणजे हिंसक रोम, हिंसक नेपल्स, मिलान थरथरतंय. शहराचं नाव टायटलमधेच असलं की त्या शहरातली माणसं हॉलमधे जाऊन स्वतःचीच गल्ली बघणार ना.

मला हे सिनेमे मिळाले ते मिलानमधे, कामानिमित्त दोन वर्षं तिथे राहिलो तेव्हा. नाविल्योच्या कालव्यांजवळ शनिवारी जुना बाजार भरायचा, तिथे एका टेबलावर डीव्हीडी पडलेल्या असायच्या, तीन तीन युरोला एक. इटालियन शिकायचं होतं, सबटायटल्स इटालियनच होती, म्हटलं वाचत वाचत बघू. पहिलीच हाताला लागली ती फेर्नान्दो दि लेओची मिलानो कालिब्रो 9, सालची 1972.

त्याची सुरुवात दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, चौकात होते. मी रोज सकाळी ज्या चौकातून मेट्रोच्या जिन्याने खाली उतरायचो, तोच चौक. गर्दी, कबुतरं, आणि त्या गर्दीतून एक पाकीट ह्या हातातून त्या हातात चाललंय, कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त लुईस बाकालोवचं संगीत, आधी व्हायोलिन्स आणि मग ओसान्ना ह्या नेपल्सच्या रॉक बँडचे ड्रम असे काही आत घुसतात की पाठीचा कणा ताठ होतो. पाकिटात डॉलर असायला हवेत, निघतात कोरे कागद. पुढच्या काही मिनिटांत ज्यांच्या ज्यांच्या हातातून ते पाकीट गेलं त्यांना गँग शोधून काढते, मारते आणि शेवटी एका गुहेत डायनामाइट लावून उडवून देते. एवढं सगळं झाल्यावर मग हिरो दिसतो, तुरुंगातून सुटून बाहेर येणारा, टकलू, जाडसर, फारसं न बोलणारा उगो पियात्सा. गास्तोने मोस्किनने केलाय. ह्या माणसाचा चेहरा म्हणजे बंद शटर. सगळ्यांना वाटतं पैसे त्याने लपवलेत, तो म्हणतो माझ्याकडे नाहीत, आणि आपण पूर्ण सिनेमाभर त्या शटरकडे बघत बसतो की आत काय आहे.

शेवट मी सांगणार नाही, फक्त एवढंच की त्यात रोक्को नावाचा एक गुंड आहे, मारियो आदोर्फने केलेला, आरडाओरडा करणारा, सिनेमाभर ज्याने उगोला छळलं तो, आणि शेवटी तोच रडल्यासारखा ओरडतो की असा माणूस दिसला तर टोपी काढायची असते, टोपी! मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा उठून खोलीत फेऱ्या मारल्या. शत्रूने शत्रूला दिलेला एवढा मान आणि तो अशा ठिकाणी, एवढ्या किळसवाण्या हिंसेच्या मधोमध, मला दुसरीकडे कुठे बघितल्याचं आठवत नाही.

हे टायटल ज्याच्या कथासंग्रहावरून घेतलं तो जॉर्जो शेर्बानेन्को, जन्म 1911 चा कीव्हमधला, आयुष्य काढलं इटलीत. त्याने मिलानच्या गुन्हेगारीवर लिहिलं तेव्हा मिलान म्हणजे पैसा, कारखाने, दक्षिणेतून ट्रेन भरभरून आलेली माणसं, शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या सिमेंटच्या चाळवजा इमारती. तो 1969 मधे गेला, ऑक्टोबरमधे, आणि डिसेंबरमधे शहरच बदललं.

दुओमोच्या चौकातून मागच्या बाजूला पाच मिनिटं चाललं की पियात्सा फोन्ताना लागतो. मधे कारंजं, एका बाजूला बँकेची इमारत. मी कितीतरी वेळा तिथून सँडविच खात खात गेलो असेन, काही माहिती नव्हतं. मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या सिन्योराने मला सांगितलं. 12 डिसेंबर 1969, शुक्रवार. त्या दिवशी शेतकऱ्यांचा बाजार असायचा म्हणून ती शेतकी बँक उशिरापर्यंत उघडी असायची, आणि दुपारी 4 वाजून 37 मिनिटांनी आत बॉम्ब फुटला. 17 जण गेले, ऐंशीच्या वर जखमी. बहुतेक गावाकडून आलेली माणसं, गुरांचे, धान्याचे व्यवहार करायला आलेली. सिन्योरा तेव्हा 19 वर्षांची, व्हिया तोरिनोवरच्या एका कापडाच्या दुकानात कामाला. तिला आवाज ऐकू आला, आणि मालक म्हणाला बॉयलर फुटला असेल. 'आम्ही परत कापड मोजायला लागलो,' एवढंच म्हणाली.

त्यानंतर जे काय झालं त्यावर तिथे आजही लोक आवाज चढवून बोलतात. पोलिसांनी अराजकवाद्यांना पकडलं, त्यातला रेल्वे कामगार जुझेप्पे पिनेल्ली तीन दिवसांनी, 15 डिसेंबरच्या रात्री, पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. तपास करणारा कमिसारियो, म्हणजे पोलीस अधिकारी, लुईजी कालाब्रेसी. डाव्यांनी त्यालाच खुनी ठरवलं. 1975 मधे न्यायाधीशांनी सांगितलं की त्या क्षणी तो त्या खोलीत नव्हता, पण ते ऐकायला तो जिवंत नव्हता, 17 मे 1972 ला सकाळी घराबाहेर त्याला गोळ्या घातल्या होत्या. आणि बॉम्बचं काय, तर 2005 मधे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे अति-उजव्या ऑर्दिने नुओव्हो गटाच्या लोकांचं काम, पण ज्यांची नावं घेतली ते आधीच कायमचे निर्दोष सुटलेले होते, परत खटला चालणार नव्हता. त्या चौकात पिनेल्लीच्या नावाचे दोन दगड आहेत शेजारी शेजारी. एकावर लिहिलंय निर्दोष मारला गेला. दुसऱ्यावर, निर्दोष, दुर्दैवी मृत्यू आला. ते दोन दगड मी वाचले त्या दिवसानंतर हे सिनेमे मला वेगळे दिसायला लागले, आणि त्याआधी ते मला फक्त भारी वाटायचे.

कारण तारखा बघा. स्तेनो नावाचा दिग्दर्शक, आयुष्यभर कॉमेडी केलेला, 1972 च्या सुरुवातीला ला पोलित्सिया रिंग्रात्सिया काढतो आणि ह्या एका सिनेमापुरतं टोपणनाव सोडून स्तेफानो व्हान्त्सिना हे खरं नाव लावतो. त्यात कोर्टातून सुटलेल्या गुन्हेगारांना कोणीतरी गुपचूप मारून टाकत असतं, आणि कमिसारियोला कळतं की हे मारणारे म्हणजे माजी पोलीसवाले आणि वरची मोठी माणसं, ज्यांना देशात 'शिस्त' आणायची आहे. शेवटी कमिसारियोच मारला जातो. सिनेमा थिएटरात लागला आणि काही महिन्यांत मिलानच्या रस्त्यावर खराखुरा कमिसारियो मेला. कारणं वेगळी, मारणारे वेगळे, पण तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला हे दोन वेगळे ठेवता आले असतील का? डिसेंबर 1970 मधे तर बोर्गेझे नावाच्या जुन्या फॅसिस्ट नौदल अधिकाऱ्याने सत्ता उलथवायचा प्रयत्नही सुरू करून अर्ध्यात सोडला होता, म्हणजे सिनेमातलं कारस्थान लोकांना लेखकाची कल्पना वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यात पुन्हा खंडणीसाठी माणसं पळवायचा तर धंदाच झाला होता. 1973 मधे रोममधून अमेरिकन तेलसम्राट गेटीच्या नातवाला पळवला आणि त्याचा कान कापून पाठवला. हे सगळं सकाळी पेपरात आणि सहा महिन्यांनी पडद्यावर.

पेपर आणि पडदा ह्यांच्यातलं हे अंतर एवढं कमी होतं, मला वाटतं जीव तिथे आहे. 1967 च्या सप्टेंबरमधे काव्हाल्लेरो टोळीने मिलानमधे बँक लुटली आणि पळताना भर शहरात गोळीबार केला, रस्त्यावरची माणसं मेली, वीसएक जखमी झाली. कार्लो लित्सानीने पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा काढला, बांदिती आ मिलानो. शहराला जखम अजून ओली होती आणि त्याच शहरात कॅमेरे फिरत होते. त्यात गाडीतून लुटारू नुसते समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडतात, मागच्या पोलिसांना थांबावं लागावं म्हणून. लित्सानी स्वतः फॅसिस्टांविरुद्ध लढलेला डावा माणूस, त्याने मेलेल्यांकडे पण बघितलं, कोण कुठे चाललं होतं ते दाखवलं. फुटपाथवरच्या माणसांकडे बघायचं मी तिथून शिकलो असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आता एक गोष्ट जी सोपी नाही. माऊरित्सिओ मेर्ली नावाचा नट होता, सोनेरी केस, मोठी मिशी, निळे डोळे, फ्रांको नेरो ह्या प्रसिद्ध नटासारखा दिसतो म्हणून त्याला 1975 मधे रोमा व्हियोलेंतात घेतला आणि पुढची काही वर्षं कमिसारियो म्हणजे तोच. सगळ्या सिनेमांत तो एकच माणूस आहे. कायम संतापलेला. गुन्हेगार पकडतो, कोर्ट सोडतं, वरिष्ठ झापतात, बदली होते, आणि मग तो थोबाडीत मारतो. उम्बेर्तो लेन्झीच्या रोमा आ मानो आर्मातामधे (1976) तो एका कुबड्या गुंडाला चक्क गोळी गिळायला लावतो. हे बघताना मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं, हात आपोआप मुठी होतात. आणि त्याच क्षणी मला चौथ्या मजल्याची ती खिडकी पण आठवते.

आपल्याकडे हे कोणी समजून लिहिलं असेल तर श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या अर्धसत्यमधे (1983), जिथे वेलणकर सब-इन्स्पेक्टरचा राग शेवटी कोठडीतल्या एका किरकोळ चोराच्या जिवावर उतरतो. तेंडुलकरांनी तो राग तपासला. मेर्लीचे सिनेमे तपासत नाहीत, ते तो राग तसाच्या तसा पडद्यावर फेकतात, आणि त्या काळात इटालियन समीक्षकांनी त्यांना सरळ फॅसिस्ट म्हटलं. काही सिनेमांबद्दल ते खरंही आहे असं माझं मत आहे. पण सगळ्यांबद्दल नाही, कारण नीट बघितलं तर ह्या मारामाऱ्यांनी कधीच काही सुटत नाही. मुख्य सूत्रधार बऱ्याचदा कोणीतरी इज्जतदार माणूस निघतो, वकील, उद्योगपती, मोठा अधिकारी, आणि हिरोच्या हातात उरतं एक प्रेत. जिंकल्याचा आनंद नसतो. एन्झो कास्तेल्लारीच्या जेनोआवाल्या 1973 च्या सिनेमाचं नावच आहे ला पोलित्सिया इन्क्रिमिना, ला लेज्जे अस्सोल्व्हे, पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो. बायकांना मात्र ह्या सिनेमांनी वाईट वागवलंय, बहुतेक वेळा फक्त मरायला किंवा त्याहून वाईट व्हायला ठेवलंय, आणि त्याला 'तेव्हाचा काळ' हे उत्तर मला पुरत नाही. काही सीन मी पुढे ढकलतो.

मेर्लीच्या समोर असायचा तोमास मिलिआन. तो मूळचा हवानाचा, क्युबातून न्यूयॉर्कला जाऊन अॅक्टर्स स्टुडिओत शिकलेला, तिथून इटलीत. गंमत म्हणजे लित्सानीच्या सिनेमात तो पोलीस होता. नंतर गुन्हेगारांचे रोल घेतले आणि असे केले की बाकी सगळे फिके पडले. तो गोळी गिळणारा कुबड्या तोच. आणि लेन्झीच्याच मिलानो ओदियामधला (1974) जूलियो साक्की, मिलानच्या कडेला राहणारा, भित्रा, बढाईखोर, कोणीच किंमत देत नाही म्हणून माणसं मारत सुटलेला. त्याला संगीत मोर्रिकोनेचं. साक्कीइतका किळसवाणा आणि इतका ओळखीचा माणूस मी पडद्यावर क्वचित बघितलाय. असे पोरगे आपण प्रत्येकाने नाक्यावर बघितलेत.

पण मिलिआनची इटालियन क्युबन वळणाची, म्हणून रोमन भुरट्यांच्या रोलमधे त्याला आवाज असायचा फेर्रुच्चो अमेन्दोलाचा. तेव्हा इटलीत शूटिंगला आवाज रेकॉर्डच करत नसत, सगळं नंतर स्टुडिओत डब, सेटवर एक नट इंग्रजीत बोलतोय, दुसरा इटालियनमधे, तिसरा फ्रेंचमधे. आपले त्या काळातले हिंदी सिनेमे पण डबच व्हायचे, पण स्वतःचा आवाज स्वतःच द्यायचे बहुतेक. इथे अमेन्दोला, जो दी नीरोचाही इटालियन आवाज, पचीनोचाही, स्टॅलोनचाही. म्हणजे रोमच्या माणसाच्या डोक्यात न्यूयॉर्कचा टॅक्सीवाला आणि त्याच्या गल्लीतला पाकीटमार एकाच गळ्याने बोलत होते. मला हे फार सुंदर वाटतं.

आणि गाड्या! पोलिसांच्या आल्फा रोमेओ जुलिया, चौकोनी, आधी हिरवट करड्या, नंतरच्या सिनेमांत निळ्या-पांढऱ्या. इटालियन लोक पोलिसांच्या गाडीला पांतेरा म्हणतात, म्हणजे बिबट्या, आणि काराबिन्येरींच्या, म्हणजे तिथल्या लष्करी पोलिसांच्या, गाडीला गात्झेल्ला, हरीण. पाठलागांमधे आज जाणवतं ते वजन. गाडी वळते तेव्हा एका बाजूला झुकते, स्प्रिंग दबते, डबा खडखडतो. नापोली व्हियोलेंतामधे मोटरसायकलवर कॅमेरा बांधून नेपल्सच्या बोळांतून असा काही पळवलाय की वाळत घातलेले कपडे तोंडाला लागतील असं वाटतं. आणि रुज्जेरो देओदातोच्या 1976 च्या सिनेमाची सुरुवात, रोमच्या भर गर्दीतून दोन मोटरसायकलींचा लांबलचक पाठलाग. दिग्दर्शकाने पुढे मुलाखतींमधे सांगितलंय की तो परवानगी न घेता शूट केला. त्यात फुटपाथवरची माणसं मागे सरकतात, वळतात, तोंडावर हात नेतात. त्या साली भर रस्त्यात कोणी येऊन गोळी घालून जाणं ही बातम्यांत येणारी गोष्ट. मला नेहमी वाटतं, त्या माणसांना कोणी सांगितलं असेल का की हा सिनेमा आहे? आणि सांगितलं नसेल तर त्या दीड सेकंदात चेहऱ्यावर जे आलंय ते अभिनय नाही, ती 1976 सालची भीती आहे, जशीच्या तशी, फिल्मवर उतरलेली. इतिहासाच्या पुस्तकात आकडे असतात, पण हे नसतं.

हे सगळं संपलं भराभर. 1976 मधे घटना न्यायालयाने खाजगी स्थानिक टीव्हीला वाट मोकळी केली, लोक घरी बसायला लागले, 1975 मधे इटलीत वर्षाला 50 कोटींवर सिनेमाची तिकीटं खपत होती ती 1980 पर्यंत निम्म्यावर आली. मार्च 1978 मधे माजी पंतप्रधान आल्दो मोरोला रेड ब्रिगेड्स ह्या अति-डाव्या गटाने पळवलं, त्याचे पाच अंगरक्षक मारले, 55 दिवसांनी त्याचं प्रेत एका लाल रेनो 4 च्या डिकीत सापडलं. ह्याच्यापुढे कुठला पाठलाग दाखवणार. मिलिआन कॉमेडीकडे गेला, मेर्लीला कामं कमी झाली, 1989 मधे टेनिस खेळून झाल्यावर हृदयविकाराने गेला, वय 49. 2004 मधे व्हेनिसच्या महोत्सवात ह्या सिनेमांना पुन्हा मोठ्या पडद्यावर आणलं, अमेरिकन दिग्दर्शक टॅरँटिनो तिथे होता, दि लेओ आदल्याच वर्षी गेला होता.

मी परत यायच्या आधीची एक संध्याकाळ. सिन्योरा माझ्या खोलीत चावीचं काहीतरी सांगायला आली आणि लॅपटॉपवर मिलानो कालिब्रो 9 ची सुरुवात चालू होती. ती म्हणाली हे कसले घाणेरडे सिनेमे, माझ्या वडिलांनी मला कधी जाऊ दिलं नसतं. मी बंद करायला गेलो तर म्हणाली थांब. खुर्ची ओढून बसली. चौकात पाकीट हातोहात चाललेलं, मला वाटलं ती गोष्ट समजून घेतेय, पण ती पाकिटाकडे बघतच नव्हती, चष्मा वर करून पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती, जिथे नुसती गर्दी चालली होती, कोट घातलेली, पिशव्या घेतलेली.

'मी रोज ह्याच वेळेला दुकानातून इथून घरी जायचे,' म्हणाली.

मग बोट ठेवलं पडद्यावर. मी पॉज केलं. कोणी ओळखता येईल एवढं स्पष्ट नव्हतं, ठिपके होते नुसते. तिने बराच वेळ बघितलं, मान हलवली.

'मागे घे,' म्हणाली. 'परत एकदा.'